मदत हवी आहे: अंदमान, चौघे जण, सहा रात्री – १,४०,००० रुपयांत बसेल का?

अजिंक्यतारा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमानला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, आई (वय ६८, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू) आणि मुलगा (वय ९). निघणार साताऱ्याहून. मंगळवारी पोचून पुढच्या सोमवारी परत. विमानासकट खर्च १,४०,००० च्या वर जायला नको.

आईला सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी पाहायचीच आहे. बाकी हॅवलॉक आणि नील ही बेटं आणि जमलं तर बाराटांगच्या गुहा. एका प्रवासी कंपनीने विमान सोडून माणशी २४,००० सांगितलेत. त्यात नाश्ता आहे, जेवणं नाहीत.

प्रश्न असे:
१. स्वतः बुकिंग केलं तर खरंच स्वस्त पडतं का?
२. सरकारी बोट की खासगी?
३. पहिल्याच दिवशी थेट हॅवलॉक गाठलं तर एका रात्रीचं भाडं वाचेल का?
४. आईला काय झेपेल, काय नाही?

आगाऊ धन्यवाद.

हिशेबनीस

बसेल, पण काठोकाठ. आधी आकडे मांडतो. हे भाव नव्हेत, बजेटमध्ये धरायच्या रकमा आहेत.

विमान: चेन्नईमार्गे, दोन महिने आधी काढलं तर येऊनजाऊन माणशी १४,००० धरा. चौघांचे ५६,०००.
बोटी: तीन टप्पे, खासगी बोटीचा साधा वर्ग, सरासरी १,४००. एकूण १६,८००, म्हणजे १७,०००. नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण तिकीट लागतं, अर्धं धरू नका.
खोल्या: दोन-दोन घेतल्या तर पोर्ट ब्लेअरला ३ रात्री १,८०० ने (१०,८००), हॅवलॉकला २ रात्री २,६०० ने (१०,४००), नीलला १ रात्र २,४०० ने (४,८००). एकूण २६,०००.
जेवणखाण: रोज चौघांचे २,४०० प्रमाणे सात दिवस, १७,०००.
रिक्षा, टॅक्सी: ९,०००.
प्रवेश तिकिटं, रॉस बेट आणि हॅवलॉकच्या एलिफंट बीचच्या छोट्या बोटी: ६,०००.
राखीव: ८,०००.

बेरीज १,३९,०००. विमान वगळता ८३,०००, आणि त्यात जेवणं आणि राखीव दोन्ही आलं. कंपनीचे ९६,००० होतात आणि जेवण वर. शिवाय त्या ९६,००० मध्ये कोणती बोट, कुठला वर्ग, एलिफंट बीच धरलाय की "तिथे गेल्यावर बघू", हे लेखी विचारा. स्वस्त पॅकेज बहुधा याच जागी फुगतं.

कडुनिंब

सातारा ते विमानतळ राहिलं की हो! मुंबईहून निघालात तर स्वतंत्र गाडीचे जाऊनयेऊन आठ-दहा हजार सहज जातील आणि तुमची राखीव रक्कम घराजवळच संपेल. पुण्याहून तिकीट बघा. सातारा-पुणे ११० किमीच्या आसपास आहे, एसटीने स्वारगेट आणि तिथून लोहगावला टॅक्सी. पुण्याचं तिकीट माणशी हजारभर महाग दिसलं तरी हिशेबात बहुतेक तेच परवडेल.

आणखी एक. पुणे-चेन्नई आणि चेन्नई-पोर्ट ब्लेअर अशी दोन वेगळी तिकिटं दोन कंपन्यांची काढू नका, एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान उशिरा गेलं आणि दुसरं चुकलं, तर एकाच पीएनआरवर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. वेगळ्या तिकिटांत ते चार तिकिटांचं नुकसान तुमचं. बुकिंग करताना शहराचं नाव "श्री विजयपुरम" दिसलं तर गोंधळू नका, सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव बदललं. तसंच बोटीच्या तिकिटावर हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप.

लाटांवर

प्रश्न ३ चं उत्तर: नाही, तसं करू नका. अंदमानात सगळं वेळापत्रक बोटीवर टांगलेलं असतं. विमान दोन तास उशिरा आलं तर दुपारची बोट गेली, म्हणजे चार तिकिटं गेली, हॅवलॉकची आगाऊ भरलेली खोली गेली आणि पोर्ट ब्लेअरला ऐनवेळी खोली शोधायची. एका रात्रीचे ३,६०० वाचवायला दहाबारा हजारांचा जुगार.

बुकिंगचा क्रम हाच ठेवा: विमान, मग बोटी, मग खोल्या. बरेच जण आधी बीचवरची खोली घेतात आणि मग त्या तारखेची बोट मिळत नाही.

दुसरा नियम: शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये, आणि जमलं तर शेवटच्या दोन. फेब्रुवारीत समुद्र साधारण शांत असतो, पण हवामानाचा इशारा आला की बोटी रद्द होतात. बोटवाला तिकिटाचे पैसे परत देईल, चुकलेल्या विमानाचे देणार नाही.

क्रम असा सुचवेन: मंगळवार पोर्ट ब्लेअर. बुधवारी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, दोन रात्री. शुक्रवारी हॅवलॉक-नील, एक रात्र. शनिवारी दुपारी नील-पोर्ट ब्लेअर. रविवार राखीव, सोमवारी विमान. उलट दिशेने (आधी नील) केलंत तरी चालेल, ज्या बाजूची तिकिटं मिळतील ती घ्या.

सागरगोटा

सरकारी की खासगी, यावर थोडं सविस्तर.

सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते आणि हॅवलॉकला अडीच तासांच्या आसपास घेते. भाडं खासगीपेक्षा बरंच कमी. अडचण अशी की तिकिटं फार आधी खुली होत नाहीत, स्थानिक लोकांना प्राधान्य असतं (ती त्यांची एसटी आहे, हे रास्तच) आणि चार जागा एकत्र मिळतीलच असं नाही. एकट्यादुकट्या, हाताशी वेळ असलेल्या माणसाला उत्तम. वयस्क माणूस बरोबर असताना सगळी सहल तिच्या भरवशावर आखू नये.

खासगी बोटी हॅडोच्या धक्क्यावरून सुटतात आणि दीड-दोन तासांत पोचवतात. हे दोन धक्के वेगळे आहेत, रिक्षावाल्याला नुसतं "जेट्टी" सांगू नका. सुटण्याच्या तासभर आधी पोचा. सामानाची तपासणी होते आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र बघतात. मुलाचं आधार विसरू नका.

मक्रूझसारख्या बोटी पूर्ण बंद आणि वातानुकूलित असतात, प्रवासात बाहेर उभं राहता येत नाही. ज्याला गाडी लागते त्याला इथे बोट हमखास लागते. ग्रीन ओशनला वरचा उघडा डेक आहे, वेग थोडा कमी. आसन निवडता आलं तर खालच्या मजल्यावरचं, मध्यापासून मागच्या बाजूचं घ्या. पुढच्या टोकाला हेलकावे सर्वांत जास्त बसतात. उलटीची गोळी बोट सुटायच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आईंना बीपी आहे, तेव्हा गोळी कोणती हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारा.

पैसे वाचवायचेच असतील तर फक्त नील-पोर्ट ब्लेअर हा परतीचा टप्पा सरकारी बोटीने करा. मागे राखीव दिवस असल्यामुळे उशीर झाला तरी बिघडत नाही. पण खासगी तिकिटं हातात नसताना सरकारीची वाट बघत बसणं म्हणजे दोन्हीकडून लटकणं, तेवढी जोखीम ओळखून ठरवा.

मोरपंखी

आईंसाठी लिहिते.

सेल्युलर जेल: १८९६ ते १९०६ या काळात बांधलं, सात शाखांपैकी आता तीन उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. जिने चढावे लागतात आणि पुढे लांब व्हरांडा चालायचा. घाई न करता, मध्ये बसत गेलं की होतं, म्हणून त्याच दिवशी दुसरं काही ठेवू नका. दुपारी मधली सुट्टी असते, त्यामुळे विमान अकराच्या पुढे उतरणार असेल तर आधी जेवण आणि आराम, मग जेल. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाचं तिकीट वेगळं. हिंदीचा खेळ कोणता ते बघून घ्या, नाहीतर आईंना इंग्रजी ऐकत बसावं लागेल.

राधानगर (हॅवलॉकचा किनारा): वाळू घट्ट आणि उतार सौम्य, चालायला सोपं. जेट्टीपासून १२ किमीच्या आसपास. बस आहे, पण चौघांना येऊनजाऊन रिक्षा ठरवलेली बरी.

एलिफंट बीच: छोट्या वेगवान बोटीने जायचं. ती लाटांवर आपटत जाते आणि पाण्यात उतरून चढावं लागतं. गुडघे आणि पाठ दुखणाऱ्यांनी टाळावं. तुम्ही बापलेक सकाळी जा, आई आणि ताई काळापत्थरच्या किनाऱ्यावर. तिथे झाडाखाली बसून समुद्र बघता येतो.

नीलचा दगडी नैसर्गिक पूल: शेवाळलेले, ओबडधोबड खडक आहेत. आईंसाठी नको. त्यांना भरतपूरच्या किनाऱ्यावर बसवा.

बाराटांग: या सहलीतून काढाच. पहाटे तीन-चारला निघायचं, जिरकाटांगला गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबायचं, मग जंगलातला रस्ता, मोठी बोट, छोटी बोट, पुढे दीडेक किलोमीटर चालणं, आणि तेच सगळं परत. तुमचा एकुलता राखीव दिवस त्यात जाईल.

कडुनिंब

बाराटांगला +१, म्हणजे काढण्याला. शिवाय तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो बंद करायला सांगितला होता, तरी वाहतूक चालूच आहे. त्या पट्ट्यात थांबणं, फोटो काढणं, खायला देणं गुन्हा आहे. कुणी टॅक्सीवाला "जारवा दिसतील" असं सांगून गिऱ्हाईक ओढत असेल तर तो माणूस टाळा. माणसं बघायला जायचं हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

लाटांवर

नीलचा पूल बघायला तुम्ही आणि मुलगा जाल, तर ओहोटीतच जा. भरतीत खालपर्यंत पोचता येत नाही. वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून खोलीच्या मालकाला आदल्या रात्री विचारा. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा) तिथे जसाच्या तसा लावू नका, भरतीची वेळ प्रत्येक बंदराची वेगळी असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र ओहोटी जास्त खोल जाते, तेव्हा खडकांतले जीव चांगले दिसतात. जुने, पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. याउलट काचेच्या तळाच्या बोटीला पाणी लागतं, ती भरतीच्या सुमारास.

सूर्याकडेही लक्ष असू द्या. घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. फेब्रुवारीत साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, साताऱ्यापेक्षा तासभर आधी. राधानगरला चारपर्यंत पोचलात तरच पोहणं आणि सूर्यास्त दोन्ही होईल. मगरींच्या सूचनेचे फलक आणि जीवरक्षकांच्या खुणा गंमत म्हणून लावलेल्या नाहीत, त्यापलीकडे मुलाला जाऊ देऊ नका.

अजिंक्यतारा

सर्वांचे मनापासून आभार. बाराटांग काढलं. पुण्याहून एका पीएनआरवर तिकीट दिसतंय, माणशी १४,६०० ला. म्हणजे २,४०० वाढले, वर सातारा-पुण्याचा खर्च. कुठे कापू? आणि मुलगा स्कूबाचा हट्ट धरून बसलाय.

हिशेबनीस

कापायची जागा खोल्या. नील आणि हॅवलॉकला दोनऐवजी एक मोठी, चार जणांची खोली विचारा. त्या तीन रात्रींचे १५,२०० धरले आहेत. ४,००० ची मोठी खोली मिळाली तर १२,००० होतात, ३,२०० वाचले. हॅवलॉकला समुद्रासमोरचा हट्ट सोडून गोविंदनगर बाजाराजवळ राहिलात तर आणखी कमी, आणि जेवणही तिथे स्वस्त. या बेटांवर बंगाली वस्ती मोठी आहे, मासे-भाताची थाळी बाजारात घ्या, रिसॉर्टमध्ये नको. शाकाहारी असाल तरी थाळी मिळते.

राखीव ८,००० ला हात लावू नका.

सागरगोटा

स्कूबाला वयाची किमान अट सर्वसाधारणपणे १० वर्षं असते. कुणी "चालतंय हो" म्हणाला तर तोच केंद्र बदलायचा इशारा समजा. मुलासाठी एलिफंट बीचला जॅकेट घालून स्नॉर्केलिंग पुरेसं आहे, प्रवाळ उथळ पाण्यातच दिसतं. चष्म्यात पाणी शिरतं ते बहुधा सैल पट्ट्यामुळे किंवा कडेखाली केस अडकल्यामुळे. आधी घरी बादलीत तोंड घालून नळीने श्वास घ्यायचा सराव करून घ्या.

मोठ्यांपैकी कुणी करणार असेल तर ४,००० वेगळे ठेवा. दमा, कानाचा त्रास किंवा सर्दी असेल तर नको. डुबकी आणि विमान यांत किमान १८ तास हवेत. तुमच्या आखणीत गुरुवार ते सोमवार भरपूर अंतर आहे.

मोरपंखी

रोख पैसे पोर्ट ब्लेअरमधूनच काढून न्या, निदान नीलपुरते तरी. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलं, पण छोट्या दुकानात ऐन गर्दीत यूपीआय अडकलं की खोळंबा होतो. बोटींची तिकिटं मोबाइलवर आहेत म्हणून निश्चिंत राहू नका, छापून घ्या. आईंच्या गोळ्या आठ दिवसांच्या नव्हे, बारा दिवसांच्या न्या.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात घालू देऊ नका, किनाऱ्यावर पडलेलेसुद्धा. विमानतळाच्या तपासणीत सापडतात आणि प्रकरण वन विभागाकडे जातं.

अजिंक्यतारा

उत्तम! मग राखीव रविवारी सगळं सुरळीत असेल तर रॉस बेट, चॅथमची लाकडाची गिरणी आणि चिडिया टापूचा सूर्यास्त असं ठेवतो.

लाटांवर

रॉसला रविवारी जाता येईल, साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. सकाळचीच बोट घ्या. बेटावर चढ आहे, आईंसाठी बॅटरीच्या गाडीची चौकशी जेट्टीवर उतरताच करा. चॅथमची गिरणी १८८३ पासूनची आहे, बघण्यासारखी आहे, पण रविवारी बंद. तिच्याऐवजी दुपारी विश्रांती घ्या आणि साडेतीनला चिडिया टापूकडे निघा. टॅक्सी जाऊनयेऊन, थांबण्यासकट ठरवा. अंधार पडल्यावर तिथून परतीला वाहन मिळणं कठीण.