सोसायटीला सिंकिंग फंड सक्तीचा, मग शहराच्या जुन्या नळांसाठी पैसा कोण बाजूला ठेवतं?

खजिनदार_मुलुंड

नमस्कार मंडळी. मुलुंड पश्चिमेला आमची २८ घरांची सोसायटी आहे, इमारत १९८७ ची. सहा वर्षं मी खजिनदार आहे. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीपासून खाली येणारे सगळे उभे पाइप बदलून घेतले. प्लंबरने कापलेला एक तुकडा माझ्या हातात दिला. बाहेरून दीड इंची, पण आत गंजाचा असा थर बसलेला की करंगळी जेमतेम जाईल. तो तुकडा मी सर्वसाधारण सभेत टेबलावर ठेवला आणि तीन वर्षं पुढे ढकललेला ठराव वीस मिनिटांत मंजूर झाला. पैसे होते, कारण आधीच्या खजिनदारकाकांनी एकाही वर्षी सिंकिंग फंड चुकवला नव्हता. उपविधीत तो वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का तरी काढावा लागतो, दुरुस्ती निधी वेगळा. चाळीस वर्षांनी काय लागेल याची सोय पहिल्या वर्षापासून.

तेव्हापासून मनात एकच विचार घोळतो आहे. आमच्या गेटबाहेर जो पाण्याचा नळ आणि जे गटार आहे, त्यांचंही वय होतच असणार. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा आणि त्यातले ४३,१६२ कोटी भांडवली कामांसाठी, असं वाचलं. आकडा मोठा आहे, पण मला तो वाचता येत नाही. वीस वर्षांनी कोणता रस्ता, कोणती वाहिनी लागेल हे कोण ठरवतं? त्याचा पैसा दरवर्षी नव्याने शोधतात, की आमच्यासारखा कुठे साठवतात?

आणखी एक. मालमत्ता कराच्या बिलात 'जल कर' या रकान्यात शून्य आहे आणि खाली 'जल लाभ कर' मात्र आहे. पाण्याचं बिल आम्ही मीटरवर वेगळं भरतोच. मग हा लाभ कसला?

गिरगावकर७१

पालिकेच्या मुदतठेवी २०२२ च्या सुमारास ९० हजार कोटींच्या वर गेल्या होत्या. तोच सिंकिंग फंड समजा की. वापरायला हवा एवढंच.

निवृत्त_लेखा

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. पालिकेच्या लेखा खात्यात माझी ३१ वर्षं गेली, त्यातली बरीच अंदाजपत्रकाच्या टेबलावर. शेवटून सुरुवात करतो, कारण तुमच्या बिलातच अर्धं उत्तर आहे.

तुम्हाला मीटर आहे, म्हणून वापरलेल्या पाण्याचे पैसे जल आकार म्हणून वेगळ्या बिलात जातात आणि जल कराच्या रकान्यात शून्य येतं. जल लाभ कर मात्र पाणी वापरल्याबद्दलचा नाही. धरण, जलबोगदा, शुद्धीकरण केंद्र अशी भांडवली कामं उभी करायला आणि ती चालवायला कायद्याने हा वेगळा कर ठेवला आहे. मलनिःसारण लाभ कराचंही तसंच. सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून पाण्याचे आणि मलनिःसारणाचे मोठे प्रकल्प सुरू झाले. कर्ज देणारा विचारणारच, की फेडणार कशातून? पाण्याचा हिशेब म्हणूनच आजही वेगळा, अर्थसंकल्प 'ग' मध्ये असतो. 'अ' मध्ये रस्ते, पूल, रुग्णालयं वगैरे, 'ब' झोपडपट्टी सुधारणेचा, 'ई' शिक्षणाचा. म्हणजे तुम्ही म्हणता तशी शिस्त पाण्याच्या बाबतीत तरी एकेकाळी नीट विचार करून घातली गेली. बिलातली ती ओळ दर वेळी पाहिली की मला बरं वाटतं.

गिरगावकर, ठेवींचं तसं नाही. त्यातला मोठा भाग आधीच कोणाचा तरी आहे: कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा. उरलेला भाग प्रकल्पांसाठी आहे, पण कार्यादेश दिलेल्या कामांचं दायित्व त्याहून कितीतरी जास्त आहे. सागरी किनारा रस्त्याचा मरीन ड्राइव्ह ते वरळी हा १०.५८ किलोमीटरचा टप्पा पालिकेने स्वतःच्या पैशातून बांधला. गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता, सात मलजल प्रक्रिया केंद्रं, रस्त्यांचं काँक्रिटीकरण ही सगळी कामं एकाच वेळी बिलं पाठवतात. ठेव मोठी दिसते ती अशी सगळी बिलं एकदम यायच्या आधी. आणि सिंकिंग फंड म्हणाल, तर तो शब्द पालिकेच्या कायद्यात आहे, पण काढलेल्या कर्जाच्या फेडीसाठी. जुनी नळवाहिनी बदलण्यासाठी नाही.

आता कोण ठरवतं ते. दर वीस वर्षांनी विकास आराखडा होतो. सध्याचा २०१४ ते २०३४ चा, मंजूर झाला २०१८ मध्ये. त्यात रस्ते, शाळा, बागा, दवाखाने यांची आरक्षणं नकाशावर पडतात. पण तो नकाशा जागा राखतो, पैसा राखत नाही. पैशाची बैठक दरवर्षी वेगळी. पावसाळा ओसरला की खात्यांकडून मागण्या मागवतात. १८८८ च्या कायद्याप्रमाणे आयुक्तांना ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीपुढे अंदाज ठेवावे लागतात आणि मार्च संपायच्या आत मंजुरी लागते. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, तेव्हा मांडणारा आणि मंजूर करणारा प्रशासकच होता. या चार वर्षांत 'आमच्या गल्लीचं काय' असं सभागृहात उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. ही उणीव आकड्यांत दिसत नाही, पण ती फार मोठी आहे.

वीस वर्षांचा नकाशा आणि एका वर्षाची तरतूद यांच्या मधला, 'पाच वर्षांत ही कामं, या क्रमाने, या पैशातून' असं बांधून घालणारा पक्का कागद आपल्याकडे नाही. माझं सगळं म्हणणं या एका जागेवर येऊन थांबतं.

तुम्हाला पुस्तक वाचायचं असेल तर तरतुदीचा आकडा आधी बघूच नका. अंदाजपत्रकात प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे कामाच्या किंवा खर्चाच्या क्रमांक दिलेल्या ओळीसमोर, एका रांगेत रकाने असतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचा सुधारित अंदाज, आणि शेवटी पुढच्या वर्षीचा अंदाज. आमच्या टेबलावर लाकडी फूटपट्टी असायची, ती ओळीखाली धरून वाचायचो, नाहीतर डोळा शेजारच्या ओळीवर घसरतो. तुम्हीही तसंच करा. ज्या कामाला अर्थसंकल्पात भरघोस दिलं आणि सुधारित अंदाजात ते चौथाईवर आलं, ते काम अडलं आहे. जिथे वर्षानुवर्षं नाममात्र रक्कम आहे, तिथे लेखाशीर्ष फक्त जिवंत ठेवलं आहे. एका वर्षाचं पुस्तक वाचून काही कळत नाही. पाच वर्षांची शेजारी शेजारी ठेवा, कामाची गोष्ट आपोआप उलगडते.

आराखडा_वाचक

काकांचं पटतं, पण एक भर घालते. मी नगररचनाकार आहे, पर्जन्यजलवाहिन्यांवर काम केलं आहे. काम दर वेळी पैशापाशीच अडतं असं नाही.

ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेचा, अहवाल १९९३ चा. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या जुन्या व्यवस्थेची क्षमता ५० मिलिमीटर करायची, भरतीच्या वेळी पाणी समुद्रात ढकलायला उदंचन केंद्रं बांधायची, हे सगळं त्यात होतं. खर्च तेव्हाच्या दराने सुमारे ६१६ कोटी. थोडंफार झालं, बाकी फायलीत राहिलं. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर २००७ मध्ये केंद्राने १,२०० कोटी मंजूर केले आणि कामाला वेग आला. आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षं रखडली ती जागेसाठी. मोगऱ्याच्या जमिनीचा वाद, माहुलची जमीन मिठागरांची. तरतूद दरवर्षी करता येते, पण जागा हातात नसेल तर कंत्राटदार यंत्र ठेवणार कुठे?

म्हणून पाच वर्षांच्या त्या कागदात पैशाच्या रकान्याशेजारी जागेचा रकाना हवाच. जमीन ताब्यात आहे का, वनखात्याची परवानगी आहे का, खाली कोणाच्या केबल आहेत. हे आधी लिहिलं की कितीतरी कामं खरी किती जवळ आहेत ते कळेल.

हिंदू_कॉलनी_दादर

मी दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलो. ही वसाहत प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखली. प्रिन्सेस स्ट्रीटही त्यांचाच. त्यांनी कर्जं काढली, जमिनी सपाट केल्या, रस्ते आणि गटारं आधी घातली, मग भूखंड भाड्याने दिले, आणि त्या उत्पन्नातून कर्ज फेडायची योजना केली. आमच्या गल्लीतली झाडं आणि रुंद पदपथ ज्यांनी आखले त्यांच्यापैकी कोणी ते वापरायला राहिलं नाही. मी ऐंशीच्या दशकात तिथे गोट्या खेळलो.

त्यामुळे मला वाटतं, मुंबईने कर्जरोखे काढायला लाजू नये. पुण्याने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे काढले. अहमदाबादने तर १९९८ मध्येच १०० कोटी उभे केले होते. तानसा धरण १८९२ चं, त्याचं पाणी आपण आजही पितो. शंभर वर्षं टिकणाऱ्या गोष्टीचा सगळा खर्च एकाच पिढीने रोख का भरायचा?

निवृत्त_लेखा

दादरकर, कर्जाला माझा विरोध नाही. उलट रोख्यांचा एक मोठा फायदा तुम्ही सांगितला नाहीत: पैसे देणारा दरवर्षी ताळेबंद मागतो, पतमानांकन होतं, आणि काम लांबलं तर कारण लिहून द्यावं लागतं. ठेवीतून खर्च केला तर एवढं बारकाईने विचारणारं कोणी नसतं.

पण फेड कशातून, हे आधी सांगा. १ जुलै २०१७ ला जकात गेली. ती रोज नाक्यावर जमा होणारी, पालिकेच्या हातातली रक्कम होती. तिच्या जागी राज्याकडून भरपाई येते, ती नियमाने आणि वाढीव येते, पण दुसऱ्याच्या हातून. विकासकांकडून मिळणारं चटईक्षेत्राचं अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीबद्दल ते भरतात ती रक्कम, बांधकामाचा बाजार चालला तर येतं, थंडावला की आटतं. मालमत्ता कर हा खरा भरवशाचा. त्यातून १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची घरं वगळली. कष्टकरी माणसाला दिलासा मिळाला, हे मी मान्य करतो. पण तीस वर्षांचं कर्ज फेडायला तीस वर्षं न हलणारं उत्पन्न लागतं.

दुसरी चिंता देखभालीची. सात मलजल प्रक्रिया केंद्रांची मिळून क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. कंत्राटात बांधकामाबरोबर पंधरा वर्षांचं चालन आणि देखभालही धरली आहे, हे मला फार आवडलं. पण पंपांची वीज, रसायनं, माणसं हा महसुली खर्च कायमचा. उद्घाटनाच्या दिवशी भांडवली रकाना बंद होतो आणि दुसऱ्या दिवसापासून महसुली रकाना सुरू होतो. प्रत्येक मोठ्या कामासमोर हा दुसरा आकडा छापलाच पाहिजे. पाण्याचे दर वर्षाला जास्तीत जास्त ८ टक्के वाढवता येतील असा ठराव २०१२ मध्ये झाला तो याच खर्चाच्या विचाराने. ती वाढ थांबवली की लोक खूश होतात, आणि जुनी वाहिनी बदलणं आणखी एक वर्ष पुढे जातं. ताई, तुमच्या पाइपाच्या तुकड्यात तेच साचलं होतं.

खजिनदार_मुलुंड

काका, खूप आभार. आराखडा वाचणाऱ्या ताईंचेही. काल रात्री संकेतस्थळावरून 'ग' चे खंड उतरवले आणि मुलाची कंपासमधली पट्टी घेऊन बसले. जल लाभ कराची ओळ सापडली. आमच्या बिलावरचा तो छोटा आकडा तिथे शहरभराचा मिळून छापलेला पाहिला तेव्हा एकदम जबाबदारी वाटली. आमच्याकडची बारा घरं ५०० फुटांच्या आतली, त्यांना मालमत्ता कर नाही. त्या घरांतले लोक मला नेहमी विचारतात, 'आपण काही भरतच नाही तर मागायचं कुठल्या तोंडाने?' त्यांना मी पाण्याचं बिल दाखवणार आहे. त्यात सगळ्या अठ्ठावीस घरांचे पैसे आहेत.

पुढच्या रविवारी आजूबाजूच्या पाच सोसायट्यांचे पदाधिकारी आमच्या गच्चीवर जमणार आहेत. मी पाच वर्षांची पानं झेरॉक्स करून, मुलुंडच्या कामांच्या ओळी पिवळ्या करून आणते. नगरसेवकांनाही बोलावलं आहे. काका, एकच अडलं आहे: काही कामांपुढे विभागाचं नाव नाही, नुसतं 'पूर्व उपनगरे' लिहिलंय. त्यातली मुलुंडची कुठली, हे कोणत्या खात्यात विचारायचं?

निवृत्त_लेखा

पाण्याच्या कामांसाठी जल अभियंता खातं, नाल्यांसाठी पर्जन्यजलवाहिन्या खातं. लेखाशीर्षाचा क्रमांक लिहून अर्ज द्या, नुसतं कामाचं नाव लिहू नका, क्रमांकावरून फाईल लवकर निघते. पोच घ्या. आणि रविवारी किती वाजता ते कळवा, मी भांडुपला राहतो, येतो.