मदत हवी आहे: काकूचे १५०० चे ५०० झाले, पीएम किसान सोडून द्यावं का?

यवतमाळी_पोरगा

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी काकू यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर राहते. काका वारले. तीन एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर, घरात मुलगा-सून आणि अकरावीतली मुलगी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राखीच्या आधी लाडकी बहीणचे जुलै-ऑगस्ट मिळून ३००० आले आणि तेव्हापासून १५०० चालू होते, तारीख पुढेमागे व्हायची ते सोडा.

आता पुण्यात १५०० म्हणजे एका रविवारचं बाहेरचं जेवण, पण तिकडे काय फरक पडला ते मी बघितलंय. आधी तेल, साखर, चहापत्ती सगळं दुकानदाराच्या वहीवर, कापूस विकला की फेडायचं, आणि वहीतला भाव रोखीपेक्षा जास्त असतो हे सगळ्यांना माहीत पण बोलणार कोण, पुढच्या महिन्यात परत त्याच्याच दारात जायचंय. ते बंद झालं, काकू रोख देऊन आणते. बीपीच्या गोळ्या संपल्या की पगार झालेला कोणी गावात येईपर्यंत तशीच राहायची, आता स्वतः आणते. बचत गटाचे पैसे भरायचे म्हणून अंगात ताप असताना दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची, तेही थांबलं. पोरीला चष्मा झाला. एक बकरी घेतली. आणि हे सगळं कुणाला न विचारता, हे माझ्या मते सगळ्यात मोठं.

तर आता मुद्दा. काकांच्या मागे सातबारावर काकूचं नाव लागलं, दादाने (तिचा मुलगा) पीएम किसानचा फॉर्म भरला, ते सुरू झालं. त्यानंतर लाडकी बहीणचे ५०० च येतायत. गावातला बँक मित्र (बँकेतर्फे गावात पैसे देणारा एजंट) अंगठा घेतो आणि "एवढेच आले" म्हणतो, पावती विचारली की मशीनचा कागद संपलेला असतो. मला आधी त्याचाच डाऊट आला. तो खातोय का? की खरंच कमी झाले? आणि पीएम किसान सोडलं तर १५०० परत चालू होतील का? प्लीज ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, सायबर कॅफेवाले प्रत्येक जण वेगळं सांगतायत.

तलाठ्याचा_जावई

बँक मित्राचं पाप नाहीये हे, निदान ह्या बाबतीत तरी. नियमच आहे. पीएम किसानचे वर्षाला ६०००, राज्याच्या नमो शेतकरीचे ६०००, म्हणजे १२०००, महिन्याला १००० पडले. दुसऱ्या योजनेतून १५०० पेक्षा कमी मिळत असतील तर लाडकी बहीणमधून फक्त फरक देतात, म्हणून ५००. एप्रिल २०२५ मध्ये मंत्री अदिती तटकरेंनी सांगितलं होतं की अशा ७,७४,१४८ बायका आहेत, काकू एकटी नाही. पण पासबुक बँकेत जाऊन छापून घ्याच, त्यात तिन्ही योजनांच्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात. मशीनच्या कागदावर विश्वास नको.

कोथरूडकर७७

म्हणजे टोटल १५०० च येतायत ना? मग तक्रार कसली? आमच्या टॅक्समधून फुकट मिळतंय त्यात पण हप्त्याचा आकार आवडला नाही म्हणे.

यवतमाळी_पोरगा

@तलाठ्याचा_जावई खूप आभार. @कोथरूडकर७७ हिशेब बरोबर आहे तुमचा, मी पण काकूला फोनवर हेच सांगितलं, ती म्हणाली, "पैसे तं तेवढेच हायेत रे, पन आता ते वावराचे झाले." पीएम किसान आणि नमो चार-चार महिन्यांनी २०००-२००० येतात आणि हप्ता पडल्याचा मेसेज दादाच्या मोबाईलवर येतो कारण नंबर त्याचाच दिलाय. शेतकऱ्याचा हप्ता म्हटल्यावर तो खताचा, फवारणीचा. दादा वाईट नाहीये हो, खत लागतंच. पण किराणा परत वहीवर चाललाय.

सिन्नरची_सई

काकूंनी एका वाक्यात जे सांगितलं त्यावर लोकांनी प्रयोग केलेत. पश्चिम केनियात गरीब कुटुंबांना थेट पैसे दिले, काहींना दर महिन्याला थोडे थोडे, काहींना एकदम, तर महिन्याचे पैसे जेवणाखाण्यात गेले आणि एकरकमी आलेले घरावरचे पत्रे वगैरे मोठ्या वस्तूंत. रक्कम तीच ठेवून हप्ता बदलला की घर वेगळं चालतं.

आणि कोथरूडकरांसाठी, आपल्या शेजारी मध्य प्रदेशात 'सेवा' ह्या कष्टकरी बायकांच्या संघटनेने २०११-१२ च्या सुमारास ८ गावांत बिनशर्त पैसे देऊन बघितले, मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलांमागे १०० (नंतर ३०० आणि १५०), मुलांचे आईच्या हातात. लोकांनी खाण्यावर, शाळेवर, जनावरांवर खर्च केला, दारू वाढली नाही. तुम्हाला पटणार नाही, ठीक आहे.

तलाठ्याचा_जावई

मूळ प्रश्नावर येऊ. पीएम किसान सोडायची सोय पोर्टलवर आहे, पण सोडू नका. ते गेलं की नमो पण जातं कारण नमोची यादी त्यावरूनच बनते. आणि इकडे १५०० आपोआप चालू होतील ह्याच्या भरवशावर राहू नका, दोन्हीकडून जाल. वारसाने आलेल्या जमिनीवर तिला लाभ मिळालाय (एरवी १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही), तो हातचा घालवू नका. कोणी संजय गांधी निराधार सुचवेल, तिथे वर्षाच्या उत्पन्नाची अट २१,००० आहे आणि त्याचे १५०० लागले की लाडकी बहीण बंदच. शिवाय लाडकी बहीणची ई-केवायसी झालीय का बघा, नवरा हयात नसेल तर मृत्यू दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितली होती.

माझ्या मते पहिलं काम म्हणजे बँकेत मोबाईल नंबर काकूचा लावा.

वर्ध्याची_माय

आमच्या गटात दोघी-तिघींचं हेच झालं. आम्ही ठरवलं की ४००० पडले त्याच आठवड्यात निम्मे खताला आणि निम्म्याचा किराणा एकदम भरायचा, तेल, तूरडाळ, साबण. सामान घरात आलं की त्याचं युरिया होत नाही 😄 मुलगा कुरकुरला तर कुरकुरू दे.

यवतमाळी_पोरगा

हे भारी आहे ताई, दिवाळीत गेलो की दादासमोरच हा हिशेब मांडतो. नंबर पण बदलतो. एक शेवटचं, उरलेले पोस्टात तिच्या नावाने आरडी करून ठेवावे का? गावात पोस्ट आहे.

तलाठ्याचा_जावई

आरडी १०० पासून होते पण तीन वर्षांआधी मोडता येत नाही, बीपीच्या गोळ्यांना काय उपयोग. पोस्टाचं साधं बचत खातं काढा, ५०० त उघडतं. फक्त फॉर्मवर डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात) जोडायची संमती देऊ नका, आधार शेवटी ज्या खात्याला जोडाल तिकडेच सगळे हप्ते वळतात आणि मग तुम्ही परत इथे धागा काढाल.

यवतमाळी_पोरगा

😂 नाही काढत. लिहून ठेवलं.