कुंग फू हसल: समीक्षकांना यात एवढं काय दिसलं?

अर्धवट_प्रेक्षक:
हाँगकाँगच्या नट-दिग्दर्शक स्टीफन चाऊचा 'कुंग फू हसल' (२००४) बघून संपवला एकदाचा. रॉटन टोमॅटोजवर (समीक्षकांची मतं गोळा करणारी वेबसाइट) ९० टक्क्यांच्या आसपास आहे, अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी तीन स्टार दिलेत, हॉलिवूडचा विनोदी नट बिल मरे तर एका मुलाखतीत म्हणाला होता की आधुनिक काळातली कॉमेडीतली सर्वोच्च कामगिरी हीच. एवढं ऐकून बसलो आणि पहिला अर्धा तास नुसता पांचटपणा वाटला हो. म्हणजे चाऊ स्वतः झालेला भुरटा हिरो सिंग चाळीच्या घरमालकिणीवर सुरे फेकायला जातो, ते उलटे येऊन त्याच्याच खांद्यात घुसतात, मग सापांची पेटी, मग ओठ सुजून टम्म, मग ती बाई पायांची चाकं करून त्याच्या मागे पळते... हसलो नाही असं नाही, पण हे बेस्ट फिल्म मटेरियल? मारामाऱ्या भारी आहेत, त्याबद्दल वाद नाही. मला खरंच समजून घ्यायचंय, भांडायचं नाहीये.

जुनी_रिळं:
पांचटपणा आहेच, तो काढला तर चाऊ उरतच नाही. पण तुम्ही त्या चाळीत राहणारी माणसं कोण आहेत ते बघा ना. घरमालक झालेला युएन वाह हा 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीचा स्टंट डबल होता. मालकीण युएन चिउ, ती आणि युएन वाह दोघंही जॅकी चॅन आणि अॅक्शनपटांचा नट-दिग्दर्शक सामो हुंग ज्या मास्तरांकडे शिकले त्यांच्याच हाताखाली तयार झालेले, १९७४च्या बाँडपटात ती कराटेवाली पोरगी होती, आणि पुढे लग्न झाल्यावर तिने सिनेमा सोडला होता. या रोलसाठी ती ऑडिशनला आलीच नव्हती, मैत्रिणीसोबत आली होती म्हणे आणि चाऊची नजर तिच्यावर पडली. तो शिंपी, हातात लोखंडी कडी घालून लढणारा, तो खऱ्या आयुष्यात हुंग गार ही कुंग फूची शैली शिकवणारा मास्तर. हमाल झालेला शाओलिन मठातला माजी भिक्षू. आणि शेवटचा व्हिलन ब्रूस लियुंग, सत्तरच्या दशकातला कुंग फू हिरो, वर्षानुवर्षं गायब असलेला, त्याला चाऊने टक्कल, बनियन, चड्डी आणि सपाता घालून वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढलाय. तो दोन बोटांत गोळी पकडतो तेव्हा हाँगकाँगच्या जुन्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल विचार करा. रिटायर झालेली माणसं म्हाताऱ्या भाडेकरूंच्या वेशात लपून बसलीत ही नुसती गोष्ट नाहीये, कास्टिंगच तसं आहे! बाहेरच्या बऱ्याच समीक्षकांनी कार्टूनबाजीचं कौतुक केलं, ते बरोबरच आहे, पण माझ्या मते सिनेमा उभा राहतो तो या लोकांवर.

चाळीची कल्पनाही १९७३च्या एका गाजलेल्या कँटोनीज (हाँगकाँगची बोली) कॉमेडीवरून आलीय, भाडेकरूंचं पाणी बंद करणारी खाष्ट मालकीण तिथलीच. आणि शेवटी सिंग वापरतो तो 'बुद्धाचा तळहात' हा डाव म्हणजे साठच्या दशकातल्या कँटोनीज पटांतला आयटम.

टोपीवाला_गुंड:
चाळीवर चालून येणाऱ्या कुऱ्हाड गँगचा डान्स कोणीच काढला नाही?? माणूस मारून झाला की सूट, टॉप हॅट आणि ठुमके 😂 तिथेच माझे पैसे वसूल. बाकीचं तुम्ही विद्वान लोक बघून घ्या.

खवचट_काकू:
जुनी_रिळं, कास्टिंगचं सगळं पटलं पण म्हणून सिनेमाला माफी नाही. त्या मुक्या आइस्क्रीमवालीला पूर्ण सिनेमात काम काय? लॉलीपॉप धरून उभी राहणे. चाऊच्या सिनेमात बायका एकतर विद्रूप करून हसण्यासाठी नाहीतर पुतळ्यासारख्या, हे मी आधीपासून बोलतेय. सीजीआय (कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं) सुद्धा आता डोळ्यात खुपतं, आभाळात उडून ढगात बुद्ध दिसतो तो भाग तर फारच. आणि चाऊ स्वतः कमी आहे यात, सिंग हे पात्र अर्धा वेळ बाजूलाच, त्याची जी तोंडपाटीलकी नव्वदच्या दशकातल्या सिनेमांत होती ती इथे फार नाही. परदेशी समीक्षकांना हाच सोयीचा वाटला कारण यातले जोक कान बंद करून पण कळतात. अपवाद एकच, मालकीण. ओठात सिगारेट, डोक्यात रोलर, आणि प्रेतयात्रेची घंटा भोंग्यासारखी धरून डरकाळी फोडते तो सीन मी कितीही वेळा बघेन.

जुनी_रिळं:
काकू, आइस्क्रीमवालीबद्दल वाद घालत नाही. पण चाऊ बाजूला आहे हीच मला जमेची बाजू वाटते, स्टार असून त्याने म्हाताऱ्यांना जागा दिली. आणि कौतुक फक्त परदेशीच होतं असं नाही हं. हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्सला १६ नॉमिनेशन्स आणि ६ बक्षिसं, त्यात बेस्ट फिल्म, युएन वाहला सहायक अभिनेता. मजा म्हणजे दिग्दर्शनाचं तिथे चाऊला मिळालं नाही, ते तैवानच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत २००५मध्ये मिळालं, शिवाय तिथेही बेस्ट फिल्म आणि युएन चिउला सहायक अभिनेत्री. ब्रिटनच्या बाफ्टा आणि अमेरिकेच्या गोल्डन ग्लोबला नुसतं नॉमिनेशन.

मारामाऱ्या दोन तऱ्हेच्या का वाटतात त्याचंही कारण आहे, सुरुवातीला अॅक्शन सामो हुंगकडे होती, तो मधेच बाहेर पडला आणि 'मेट्रिक्स'च्या मारामाऱ्या बसवणारा युएन वो-पिंग आला.

अर्धवट_प्रेक्षक:
ओके, ते वाद्य वाजवणारे दोन मारेकरी आठवले आता. हमाल नुसता चालत निघालाय, तार छेडली जाते आणि मुंडकं खाली. त्याच्या आधी अर्धा तास सापाने ओठ सुजवलेले, आणि आता हे. तिथे मी सरळ होऊन बसलो होतो खरा. तरी सुरुवात पांचट आहे या मतावर ठाम! चाऊचाच आधीचा 'शाओलिन सॉकर' बघू का मग?

खवचट_काकू:
बघा की, त्यात चाऊ भरपूर आहे. फक्त हाँगकाँगवाली पूर्ण प्रत शोधा, अमेरिकेत मिरामॅक्स या वितरक कंपनीने त्याला बरीच कात्री लावली होती. आणि डबिंगवर जाऊ नका, मूळ कँटोनीज लावून सबटायटल्स वाचा.