मालिकेवर आधारित विज्ञान कादंबरी कशी वाचावी? : ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’

चांदणवेल (प्रश्न)

व्होंडा मॅकिन्टायर यांची ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ ही ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ मालिकेवरची १९८१ सालची कादंबरी मला फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत मिळाली आणि मूळ मालिका दोनदा पाहिलेली असल्यामुळे मी ती मोठ्या उत्साहाने वाचायला घेतली. मात्र दोन गोष्टी सतत आड येत आहेत. पहिली म्हणजे जहाजावरचा विज्ञान अधिकारी स्पॉक याचे प्रत्येक वाक्य मला पडद्यावर ती भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांच्या आवाजातच ऐकू येते, त्यामुळे लेखिकेची भाषा कानावर पडतच नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मी आता जहाजाचा कॅप्टन कर्क याच्या मृत्यूपर्यंत पोहोचले आहे. प्रसंग विलक्षण ताकदीने लिहिला आहे, पण कर्क खरोखर मरणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण १९७९ च्या चित्रपटानंतरही त्याच्या कथा येतच राहिल्या. शेवट आधीच माहीत असताना अशी कादंबरी मन लावून कशी वाचावी? शेवटाकडचा तपशील कृपया सांगू नये.

उत्तररात्र

आपली दुसरी अडचण मला अडचण वाटत नाही. कीर्तनात बुवा आख्यान लावतात तेव्हा हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही तारामती रोहिताचे प्रेत घेऊन स्मशानात येते तेव्हा डोळे पाणावतातच. ‘काय होणार’ यापेक्षा ‘कसे होणार आणि कोणाला ते किती जड जाणार’ यात आपण गुंतलेले असतो. तो प्रसंग पुन्हा वाचून पाहा. कर्कला लागलेली गोळी साधी नाही. तिच्यातून निघालेले तंतू मज्जासंस्थेत पसरत जातात. शरीर यंत्रांवर चालू आहे, पण माणूस परत येणार नाही, अशा स्थितीत निर्णयाचा भार जहाजाचा डॉक्टर मॅकॉय याच्यावर येतो. मालिकेत मॅकॉय एक वाक्य बोलून निघून जातो, कारण तिथे पन्नास मिनिटांत सगळे पूर्ववत करायचे असते. इथे लेखिका त्याला त्या बिछान्यापाशी थांबवते. कर्क पुढे जिवंत असेल किंवा नसेल, त्या क्षणी मॅकॉयला ते माहीत नाही, आणि आपण त्या वेळी मॅकॉयच्या बाजूला उभे राहायचे असते.

फोर्टचा_वाचक

आवाजाबद्दल माझा अनुभव सांगतो. आमच्या पिढीने ही मालिका दूरदर्शनवर पाहिली, त्यामुळे तो आवाज कानातून काढणे मलाही जमले नाही आणि आता मी तसा प्रयत्नही करत नाही. त्याऐवजी, ज्या पात्रांना मालिकेने फारसा आवाजच दिला नाही, त्यांच्या मागे जावे. या कादंबरीत ते पात्र सुलू आहे. मूळ मालिकेच्या तीन वर्षांत तो सुकाणूपाशी बसून ‘होय, कॅप्टन’ म्हणत राहिला आणि त्याचे पाळण्यातले नावसुद्धा प्रेक्षकांना कळले नाही. मॅकिन्टायर यांनी त्याला ‘हिकारू’ हे नाव दिले, तेही ‘गेंजीची कथा’ या प्राचीन जपानी कादंबरीच्या नायकावरून. शिवाय त्याला स्वतःची महत्त्वाकांक्षा दिली. हंटर या स्त्री कप्तानाच्या जहाजावर बदली मागताना एंटरप्राइझ हे कर्कचे जहाज सोडण्याचे दुःख आणि पुढे जाण्याची ओढ या दोन्हींत तो ओढला जातो. पडद्यावर हे कधी घडलेच नव्हते, म्हणून वाचताना आठवण आड येत नाही.

शुक्रतारा

वरच्या प्रतिसादाला एक जोड देते. स्टार ट्रेकच्या बाबतीत पडद्यावर आलेले तेवढेच प्रमाण मानायचे, असा संकेत आहे आणि कादंबऱ्या त्याबाहेर राहतात. काही वाचक याच कारणाने त्यांना दुय्यम ठरवतात आणि मला ते मनापासून खटकते. हिकारू हे नाव दहा वर्षे केवळ पुस्तकात होते. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात ते पडद्यावर उच्चारले गेले आणि तेव्हापासून ते अधिकृत झाले. म्हणजे प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. मॅकिन्टायर यांचे शिक्षण जीवशास्त्राचे होते आणि हे पुस्तक येण्याआधीच ‘ड्रीमस्नेक’ या स्वतंत्र कादंबरीला ह्यूगो व नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले होते. त्यामुळे ही कोणी नवखी व्यक्ती मालिकेच्या प्रसिद्धीवर पुस्तक खपवत होती, असे समजू नये. स्पॉक ज्या सिंग्युलॅरिटीचा (कृष्णविवराच्या गाभ्यातल्या अनंत घनतेच्या बिंदूचा) अभ्यास करत असतो, तिच्याभोवती घटना क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या सीमेची आड नाही, हा तपशील पुन्हा वाचावा. त्याच्या नोंदी आणि कर्कचा मृत्यू यांचा धागा तिथून निघतो. एवढेच सांगते, पुढचे सांगत नाही.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी मॅकॉयचा तो प्रसंग पुन्हा वाचला आणि या खेपेला पुस्तक खाली ठेवून काही वेळ नुसती बसून राहिले. एक गोष्ट तर माझ्याकडून पूर्णपणे निसटली होती. ज्या मॉर्ड्रो नावाच्या कैद्याने गोळी झाडली, तो त्या वेळी कोठडीत बंद होता. मी तो तपशील घाईत ओलांडून गेले होते, कारण ‘कर्क वाचणारच’ या खात्रीने मी पाने उलटत होते. आज पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात केली आहे. स्पॉकचे आकडे येतात तिथे पेन्सिलीने खुणा करते आहे.