बर्फातली रात्र कशी काढलीत? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं उत्तराखंडातल्या केदारकंठाला निघालोय. मी, वहिनी आणि दोन्ही भाचे. पायथ्याच्या सांकरी गावाहून चढून सांकरीलाच उतरायचं, माथा 12,500 फूट. चढाईबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले. दर रविवारी येऊरला जातोय, मामा-भांजे टेकडी पाठीवर आठ किलो घेऊन चढतोय. पण तंबूतल्या रात्रींबद्दल कुणी नीट बोलत नाही. ठाण्यात पारा सोळावर आला की आपण कपाटातले स्वेटर शोधतो, आणि तिथे रात्री शून्याच्या बऱ्याच खाली जातो. मला भीती त्या रात्रींचीच आहे. हिवाळ्यात पाठीवर बिऱ्हाड घेऊन जे डोंगरात राहून आलेत त्यांनी लिहा. काय नेलं, काय चुकलं, पुढच्या खेपेला काय बदललं. मोघम नको, तपशील द्या.

ऐरोलीहून

ताई, रात्रीचं विचारलंत ते फार बरं केलंत. आमचा पहिला मुक्काम केदारकंठाच्याच वाटेवर, जुडा का तालाबला होता. भाड्याने आणलेल्या स्लीपिंग बॅगवर 'उणे 10' वाचून मी निर्धास्त होतो. तो आकडा लिमिटचा होता. चांगल्या बॅगेच्या लेबलवर दोन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे ज्या थंडीत निवांत झोप लागते ते तापमान, आणि लिमिट म्हणजे जिथे अंग मुडपून कशीबशी रात्र निघते ते. आपण कम्फर्टचाच आकडा बघायचा.

त्याहून मोठी चूक मॅटची. घरातली योगा मॅट नेली होती. रात्री दोनला जाग आली तेव्हा छातीशी ऊब होती, पण पाठ आणि खुबा बधिर. बॅगेतलं भरण आपल्याच वजनाने खाली दबून जातं, त्यात हवा उरत नाही, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. मग जमिनीचा गारठा सरळ हाडाला भिडतो. उठून सॅक रिकामी केली आणि पाठीखाली घातली, त्यावर पोंचोची घडी. हे करताना डोकं तंबूला लागलं आणि आमच्याच श्वासाची वाफ गोठून कापडाला चिकटली होती, तिचा चुरा मानेवर पडला. तो गार स्पर्श अजून आठवतो. पुढच्या वर्षी खाली फोमची जाड मॅट आणि तिच्यावर हवा भरायची, अशा दोन नेल्या. सलग सहा तास झोपलो. चौघांच्या मिळून आठ मॅट होतील, ओझं वाटेल, तरी न्याच.

नौपाड्यातून

सुती काहीही नको, बनियनसुद्धा नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो, थांबलात की तोच अंग गार करतो. झोपायचे कपडे आणि मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. दिवसा कितीही हुडहुडी भरली तरी त्यांना हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी ते घालून चाल केली आणि रात्री कोरडं काही उरलं नाही. माझी लोकरी शाल त्याला दिली आणि दोघंही रात्रभर कुडकुडलो.

खारघरहून

उत्तराखंडातल्याच ब्रह्मतालच्या ट्रेकला आम्ही स्वतःच रांधत होतो. पहाटे स्टोव्ह पेटेना. नुसतं ब्युटेन भरलेलं गॅसचं कॅन शून्याच्या आसपास वायू सोडणंच बंद करतं, हे तेव्हा कळलं. प्रोपेन मिसळलेलं कॅन घ्या आणि रात्री ते स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. विमानात किंवा रेल्वेत गॅस नेता येत नाही, तेव्हा ते तिकडेच उतरल्यावर घ्यायचं. आचारी बरोबर असेल तर हा भाग सोडून द्या.

पाणी मात्र तुमचं तुम्हालाच बघायचंय. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणून बाटली उलटी ठेवायची, म्हणजे सकाळी तोंड मोकळं राहतं. झोपताना त्यात गरम पाणी भरा, झाकण दोनदा तपासा, मोज्यात घालून पोटाशी घ्या. फोन आणि पॉवर बँकही अंथरुणातच. बुटांचे आतले तळवे काढून बॅगेत ठेवत होतो, कारण बाहेर राहिलेल्या बुटांच्या नाड्या सकाळी तारेसारख्या ताठ व्हायच्या.

वाशीहून

मी नर्स आहे, म्हणून एवढंच कळकळीने सांगते. आपण समुद्रसपाटीवरची माणसं. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी बोला. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीने 'सगळ्यांचा खोळंबा नको' म्हणून लपवलं. पहाटे तिला सरळ रेषेत चालता येईना, तेव्हा आम्ही अंधारातच तिला घेऊन खाली उतरलो. हजार फूट खाली आल्यावर ती स्वतःहून चहा मागायला लागली. माथा आमच्यातल्या कुणीच पाहिला नाही आणि मला त्याची जराही खंत नाही. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. भाच्यांना घरीच बजावून ठेवा की दुखणं सांगणं म्हणजे हार नाही.

कळव्याहून

हिमालयात जायच्या आधी एक रंगीत तालीम सह्याद्रीत करा. आम्ही डिसेंबरात रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, मग हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक केला. सगळं सामान हिमालयाचंच नेलं होतं. पाचनईत एका घराच्या अंगणात तंबू ठोकला, पहाटे त्यावर दव साचलेलं होतं. तिथे कळलं की माझ्या बॅगेची चेन अर्ध्यावर अडकते आणि हातमोजे घालून हेडटॉर्चचं बटण दाबता येत नाही. जे बिघडायचं ते इथे बिघडू द्या. इथून जीपने रात्रीत घरी येता येतं.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला वाशीच्या ताईंचं दोनदा वाचून दाखवलं, भाच्यांनाही बसवून ऐकवलं. योगा मॅट बाजूला काढली. पुढच्या शनिवारी चौघंही कसारा लोकलने निघून पाचनईला राहतोय, सगळ्या सामानानिशी. कळव्याच्या दादा, तिथल्या अंगणात दोन तंबू मावतील का, तेवढं सांगा.