मदत हवी आहे : डबाबंद मासे भाताबरोबर चविष्ट कसे करावेत?

पूर्णाकाठ
घरात डबाबंद माशांचे अख्खे खोके येऊन पडले आहे आणि भात तर रोजच शिजतो. या दोन्हींतून सगळ्यांचे पोटभर आणि चवीचे जेवण कमी खर्चात कसे करावे, हे कोणी नेमके सांगेल का? नेहमीच्या कालवणासारखे केले की मासा विरघळून तळाशी गाळ बसतो, वास घरभर राहतो आणि मुले ताट बाजूला सारतात. आंतरजालावरच्या पाककृतींत नारळाचे दूध आणि लोणी यांशिवाय बोलणेच नसते. जिंतूर तालुक्यातल्या खेड्यात हे रोज कुठून आणायचे? कृपया लवकर सांगावे, संध्याकाळचा स्वयंपाक डोक्यावर आहे.

कोकणकन्या_नांदेडमुक्काम
ताई, सांगते, पण आधी थोडी माहिती हवी. मासा कोणता आहे : बांगडा, तारली की ट्यूना? तो तेलात आहे, मिठाच्या पाण्यात आहे की टोमॅटोच्या रसात? डबा केवढा आहे आणि जेवणारी माणसे किती? या गोष्टी कळल्याशिवाय दिलेली कृती तुमच्या कामी येणार नाही.

आठवडी_बाजार
माझ्या मते डबाबंद माशांच्या नादी लागूच नये. आपल्याकडच्या आठवडी बाजारात सुकट, जवळा आणि सुके बोंबील मिळतात. सुकट कोरडीच भाजून, चाळून, कांदा-लसणावर परतली आणि वरून शेंगदाण्याचे कूट टाकले, तर मूठभर सुकटीत चार माणसे जेवतात. शिवाय तुमच्या तालुक्यातच येलदरी धरण आहे, तेव्हा ताजा रोहू किंवा कटला मिळायला अडचण येऊ नये. मी स्वतः ताज्या माशाखेरीज काही खात नाही.

पूर्णाकाठ
सुकट आम्ही करतोच, ती मी विचारलेली नाही. डबे दिराने पाठवले आहेत, ते वाया घालवायचे नाहीत, म्हणून प्रश्न विचारला. मासा बांगडा आहे. मिठाच्या पाण्यातला असावा, काही डब्यांत लाल रस आहे. यातून एवढा काय फरक पडतो?

कुकरवाले_काका
फरक पडत नाही. तांदूळ, कांदा, बटाटा, काळा मसाला आणि डब्यातला मासा हे सगळे एकदम कुकरमध्ये घालावे, दुप्पट पाणी ओतावे आणि तीन शिट्ट्या कराव्यात. एकच भांडे लागते, गॅस वाचतो आणि अर्ध्या तासात जेवण तयार होते. नोकरीनिमित्त एकटा राहत असताना मी हाच भात करून खाल्ला आहे.

कोकणकन्या_नांदेडमुक्काम
काका, आपला अनुभव मी नाकारत नाही, पण आपण बहुधा ट्यूना वापरत असाल. त्याचा बऱ्याचदा डब्यातच चुरा असतो, त्यामुळे तो भातात मिसळून गेला तरी बिघडत नाही. बांगड्याचे तसे नाही. डबा बंद केल्यावर तो कारखान्यात वाफेच्या दाबाखाली शिजवलेला असतो, इतका की त्याचा मधला काटासुद्धा बोटांनी चुरडता येतो. शिजलेल्या माशाला आणखी तीन शिट्ट्या दिल्या, तर तांदूळ शिजेपर्यंत माशाचा लगदा होतो आणि त्याचा उग्र वास प्रत्येक शिताला लागतो. पूर्णाकाठ ताईंच्या कालवणात जो गाळ बसतो, त्याचे कारणही हेच आहे. ताज्या माशाच्या सवयीने त्या डब्यातला मासा रश्श्याबरोबर उकळत ठेवत असणार.

कुकरवाले_काका
मी ट्यूनाच वापरत होतो, हे खरे आहे. तरीही कमी खर्चात आणि एका भांड्यात होणारे जेवण सोडून देऊ नये, असे माझे मत आहे. बांगडा असेल तर कुकर उघडल्यावर तो वरून मिसळावा आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे.

कोकणकन्या_नांदेडमुक्काम
हे मात्र मला पटले.

ताई, आता तुमच्यासाठी सविस्तर लिहिते. मी वाढले समुद्राकाठी, पण सासर नांदेडचे असल्यामुळे ओला नारळ रोज मिळत नाही म्हणून अडून न बसता येसरावर मासा करायला शिकले आणि आता मला तोच अधिक आवडतो. येसर तुमच्या घरात असणारच. त्यात भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाला एकत्र दळलेला असल्यामुळे रस्सा आपोआप दाट होतो आणि थोडासा मासाही मोठ्या कुटुंबाला पुरतो.

मोठा, म्हणजे साधारण 425 ग्रॅमचा डबा धरा. तो उघडून पाणी निथळून टाकावे. बांगड्याचे तुकडे ताटात अलगद काढून त्यांना हळद, लसणाचा ठेचा आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ लावून बाजूला ठेवावे. मीठ लावू नये, ते माशात आधीच मुरलेले असते. दोन कांदे आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून वाटून घ्यावा. तेलात लसूण लाल झाला की हे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. तीन मोठे चमचे येसर वाटीभर थंड पाण्यात कालवून मग घालावे. कोरडे टाकले तर गुठळ्या होतात. बटाट्याच्या फोडी आणि चार पेले पाणी घालून बटाटा शिजेपर्यंत रस्सा उकळू द्यावा. तो चाखून लागेल तेवढेच मीठ घालावे. मासा सर्वांत शेवटी सोडावा, आच मंद करावी आणि तीन-चार मिनिटांत भांडे उतरवावे. मासा पडल्यानंतर पळी फिरवू नये, दोन्ही हातांनी भांडे धरून हलकेच हलवावे. रश्श्यात तुकडे आख्खे दिसू लागले की मुलांचा निम्मा विरोध तिथेच मावळतो.

आठवडी_बाजार
निथळलेले पाणी फेकून देणे म्हणजे पैसे फेकून देणे आहे. तेच पाणी रश्श्यात घातले, तर मीठही वाचेल आणि चवही येईल.

कोकणकन्या_नांदेडमुक्काम
ज्या घरात वासाची तक्रार आहे, तिथे ते पाणी नकोच. मासा तेलातला असता, तर तेच तेल फोडणीला घ्या, असे मीही म्हटले असते.

अन्नतंत्र_परभणी
मी परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्राचे शिक्षण घेतले आहे, त्या आधारावर काही गोष्टी नोंदवतो. निथळण्याच्या बाबतीत मी कोकणकन्या यांच्या बाजूने आहे, कारण मिठाच्या पाण्यातल्या माशात सोडियम बरेच असते आणि घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल, तर ते पाणी टाकणेच योग्य ठरते. काटे मात्र टाकू नयेत. डबाबंद बांगड्यातून आणि तारलीतून जे कॅल्शियम मिळते, ते मुख्यतः या मऊ झालेल्या काट्यांमुळे. 100 ग्रॅम तारलीत काट्यांसह सुमारे 380 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. डबाबंद मासा निःसत्त्व असतो, ही समजूत चुकीची आहे. लहान मुलांसाठी काटा बोटांनी चुरडून माशातच मिसळावा.

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डबे कुठे फुगलेले, गंजलेले किंवा शिवणीवर चेपलेले आहेत का? आणि तुमच्याकडे शीतकपाट आहे का?

पूर्णाकाठ
डबे चांगले आहेत, मुदतही पुढच्या वर्षापर्यंत आहे. फ्रिज आहे, पण दिवसा वीज कितीतरी तास नसते, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. जेवणारे आम्ही सहा जण, त्यांत दोन मुले. शिवाय सासूबाई आहेत, त्या माळकरी असल्यामुळे मासा खात नाहीत. वासाचा प्रश्न मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. तांदूळ रेशनचा आहे, तो धुताना काही दाणे वर तरंगतात, म्हणून मी ते काढून टाकते.

कुकरवाले_काका
सासूबाई माळकरी आहेत, हे पहिल्याच संदेशात सांगायला हवे होते. मग मी एकाच भांड्यातला भात सुचवलाच नसता.

अन्नतंत्र_परभणी
तरंगणारे दाणे कृपया टाकू नका. शिधापत्रिकेवर दिल्या गेलेल्या तांदळात साधारण शंभरास एक या प्रमाणात पोषक दाणे मिसळले जात, तुमच्याकडचे तरंगणारे दाणे तेच असावेत. तांदळाचेच पीठ घेऊन त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-12 घालून ते दाणे तयार करतात. ते प्लास्टिकचे असतात ही अफवा आहे. तांदूळ एक-दोनदा हलक्या हाताने धुवावा आणि बेताच्या पाण्यात शिजवावा, म्हणजे पेज काढून टाकावी लागणार नाही.

विजेचे ऐकल्यावर एक गोष्ट आग्रहाने सांगतो. डबा उघडल्यावर तो त्याच जेवणात संपवावा. बांगडा, तारली, ट्यूना हे मासे उबेत राहिले, तर जिवाणूंमुळे त्यांत हिस्टामाइन नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते. त्याने चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे, उलट्या होणे असे त्रास होतात आणि मासा पुन्हा उकळल्याने ते द्रव्य नाहीसे होत नाही. भाताचेही असेच आहे. वैशाख-ज्येष्ठाच्या उकाड्यात सकाळी शिजवून झाकून ठेवलेल्या भातात जे विष तयार होऊ शकते, तेसुद्धा गरम केल्याने जात नाही. फ्रिज सलग थंड राहत नसेल, तर उरलेल्या भाताचे पदार्थ करण्यापेक्षा भात मोजून शिजवणे हाच काटकसरीचा मार्ग आहे. सहा जणांना अर्धा किलोच्या आसपास तांदूळ पुरावा.

गोदेची_लेक
मीही माळकऱ्यांच्या घरात नांदते, म्हणून त्या बाजूने लिहिते. माशाची कढई, पळी आणि पाटा वेगळा ठेवावा आणि शक्य असेल तर हे कालवण परसातल्या चुलीवर करावे. आधी सासूबाईंसाठी त्याच येसराची साधी आमटी काढून घ्यावी आणि मग उरलेल्या वाटणाचा माशाचा रस्सा करावा. एकाच तयारीत दोन कालवणे होतात आणि खर्चही वाढत नाही. एकादशी, गुरुवार आणि घरातले इतर वार सोडून दिवस ठरवला, तर त्यांच्या मनालाही लागत नाही. डबा रिकामा होताच धुऊन घराबाहेर टाकावा, कारण घरात रेंगाळणारा वास बहुतेक वेळा त्या डब्याचाच असतो.

आठवडी_बाजार
वेगळ्या चुलीचा एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोयाबीनच्या वड्या आणल्या, तर सगळे घर एकत्र जेवेल.

गोदेची_लेक
दादा, ताईंकडे मासे आहेत आणि त्यांनी माशांचेच विचारले आहे. जे घरात आहे, ते नीट वापरले जावे, ही त्यांची कळकळ योग्य आहे.

पूर्णाकाठ
कोकणकन्या ताईंच्या कृतीने चुलीवर रस्सा केला. मासा शेवटी सोडल्यामुळे तुकडा मोडला नाही, आणि थोरल्या मुलाने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. सासूबाईंची आमटी आधी काढून ठेवली होती. धाकटी मात्र रस्सा खाते आणि मासा ताटाच्या कडेला लावते. लाल रसातले डबे तर अजून उघडलेच नाहीत. तो रस गोडसर असतो म्हणतात, त्याचे येसर होईल का?

कोकणकन्या_नांदेडमुक्काम
त्याचे येसर करू नये, दोन्ही चवी एकमेकींना मारतात. लाल रसातल्या बांगड्याचा भात करावा. तेलात मोहरी, कढीपत्ता, भरपूर लसूण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा परतावा, त्यात डब्यातला फक्त रस घालून तेल सुटेपर्यंत आटवावा. त्यात वेगळा टोमॅटो घालू नये. गोडवा ठेच्याने आणि वरून पिळलेल्या लिंबाने झाकला जातो. त्यात ताजा मोकळा भात परतून भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट घालावे आणि माशाचे मोठे तुकडे वर मांडून झाकण ठेवून एक वाफ काढावी.

धाकटीसाठी त्यातलेच दोन तुकडे आधी बाजूला काढावेत. ते काट्यासकट कुस्करून उकडलेला बटाटा, मूठभर गरम भात, कोथिंबीर, चिमूटभर ओवा आणि बांधण्यापुरते बेसन घालून त्यांच्या चपट्या वड्या थापाव्यात आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात. मिश्रण सैल वाटले, तर बेसन वाढवण्याऐवजी थोडे ज्वारीचे पीठ घालावे, म्हणजे कड कुरकुरीत होते. मीठ घालण्यापूर्वी मिश्रण चाखून पाहावे.