शब्दचर्चा : ध्वनिसंपादनातील ‘ट्रिम’ आणि ‘स्ट्रेच’

विचारणा : वाचनालयासाठी आम्ही काही जण कथांचे अभिवाचन ध्वनिमुद्रित करतो. नव्या स्वयंसेवकांकरिता ऑडॅसिटी या संपादन-प्रणालीची मराठी माहितीपुस्तिका लिहिताना मी ‘ट्रिम’ आणि ‘टाइम स्ट्रेच’ (सूर न बदलता ध्वनीचा अवधी कमी-जास्त करणे) या दोन शब्दांपाशी अडलो आहे. मसुद्यात सध्या ‘कापणे’ आणि ‘ताणणे’ असे लिहिले आहे. हे शब्द चालतील काय?

प्रतिसाद : ‘कापणे’ हा शब्द ‘कट’साठी राखून ठेवावा, कारण कापताना आपण निवडलेला भाग जातो, तर ‘ट्रिम’ची आज्ञा दिली की निवडलेला भाग राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे जाते. नवख्या माणसाने दोन्हींना ‘कापणे’ म्हटले तर नेमके हवे ते वाक्य नाहीसे होते आणि आधीची खोकल्याची उबळ तेवढी शिल्लक राहते. त्यामुळे पहिला विचार ‘छाटणे’ या शब्दाचा येतो. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतात, तेव्हा नको ते काढून हवे ते राखणे हाच हेतू असतो.

तरीही ‘छाटणे’ मला पूर्णपणे पटत नाही. छाटलेली फांदी परत जोडता येत नाही, परंतु २०२१ साली आलेल्या ३.१ आवृत्तीपासून ऑडॅसिटीत ध्वनिखंडाची कड आत सरकवली की तो भाग पुसला न जाता केवळ दृष्टीआड होतो, आणि कड पुन्हा बाहेर ओढली की जसाच्या तसा परत येतो. मराठीत या क्रियेला शिंप्याकडचा तयार शब्द आहे, तो म्हणजे ‘मुडपणे’. मुडपून आत राहिलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतो. मुलगी उंच झाली की परकराची दुमड उसवून ती माया मोकळी करतात. इथेही तसेच घडते. ही माया मूळ प्रकल्पाच्या फाइलमध्ये राहते, तयार एमपी३ मध्ये जात नाही, एवढे पुस्तिकेत अवश्य लिहावे. नाही तर वाचनापूर्वी झालेल्या खाजगी गप्पा प्रकल्पाच्या फाइलबरोबर भलत्याच घरी पोहोचतील.

‘ताणणे’ला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. तंबोऱ्याची तार ताणली की सूर चढतो, हे गाणाऱ्या माणसाच्या कानात इतके पक्के बसलेले असते की ‘ध्वनी ताणा’ असे वाचल्यावर त्याला पट्टी बदलल्याचाच भास होईल. आणि या साधनाचे सारे वैशिष्ट्य तर पट्टी न बदलण्यात आहे. शिवाय हेच साधन ध्वनी आखूडही करते, आणि ताणून काही आखूड होत नाही.

संगीताच्या परिभाषेत या गोष्टी आधीपासूनच वेगळ्या आहेत. टेप जोरात फिरवली की अवधी घटतो आणि सूरही चढतो. दुप्पट वेगाला बरोबर एक सप्तक, आणि सुमारे ६ टक्के वाढीला अर्धा स्वर, म्हणजे पेटीच्या काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. दोन्ही एकदम बदलतात त्याला ‘वेग’ म्हणावे. सूर तोच ठेवून अवधी बदलला तर ‘लय’ म्हणावे, आणि अवधी तोच ठेवून सूर बदलला तर ‘पट्टी’. ऑडॅसिटीच्या यादीतील ‘चेंज स्पीड अँड पिच’, ‘चेंज टेम्पो’ आणि ‘चेंज पिच’ या तिन्ही आज्ञांना हे शब्द क्रमाने लागू पडतात. कोशात शोभणारा ‘कालविस्तारण’ कृपा करून नको; तो टंकलिखित होईल, उच्चारला जाणार नाही.

शंका : लय तालाच्या गाण्याला असते. आमच्याकडे कथावाचन आहे. तेथे ‘लय’ कृत्रिम वाटणार नाही काय?

प्रतिसाद : ‘त्यांच्या बोलण्याला एक लय आहे’ असे आपण सहज म्हणतो, त्यामुळे शब्द परका वाटू नये. उलट गद्यातही त्याचा एक उपयोग आहे. ही प्रणाली ध्वनीचे अगदी बारीक तुकडे करून ते एकमेकांवर थोडे चढवत पुन्हा जोडते. लांबवायचे असेल तर काही तुकडे पुन्हा येतात, आखूड करायचे असेल तर काही गळतात. म्हणून लय फार उतरवली की तबल्याचा एक ‘धा’ दोनदा वाजल्यासारखा होतो आणि वाचनात ‘ट’, ‘क’ यांसारखी व्यंजने फुटतात. ‘लय बिघडली’ असे म्हटले की नेमके काय झाले ते ऐकणाऱ्यास कळते. १० मिनिटांचे वाचन साडेनऊ मिनिटांत बसवायचे असेल, तर लय सुमारे ५.३ टक्के वाढवावी लागते आणि एवढ्याने सहसा काही जाणवत नाही. पण त्याआधी विनाकारण लांबलेले विराम कमी करून पाहावेत, कारण पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

विचारणाकर्ता : आभारी आहे. पुस्तिकेतील वाक्य आता असे केले आहे : ‘प्रथम दोन्ही कडा मुडपून घ्याव्यात, लांबलेले विराम कापावेत, आणि तरीही अवधी जास्त भरला तर पट्टी न बदलता लय किंचित वाढवावी.’ ‘माया’ हा शब्द मात्र तळटीपेत ठेवला आहे, कारण आमच्यातील निम्म्या मुलांनी शिवणयंत्र जवळून पाहिलेले नाही.